आटलेली दोरी

दिसेनासे होणे हेच माझे काम होते, मित्रांनो. मी एक जुनी चकती आहे. जेवणाच्या ताटाहून लहान, चार भागांत रंगवलेली, दोन काळे आणि दोन पांढरे. मला दोरीला बांधून तळ्यात सोडत. मी खाली खाली जाई आणि एका क्षणी वरून पाहणाऱ्याला दिसेनाशी होई. ती खोली वहीत लिहिली जाई. पाणी नितळ असेल तर मी खोल जाऊन हरवे, गढूळ असेल तर लवकर. एवढीच माझी विद्या.

माझा जन्म एका मोठ्या डब्याच्या झाकणातून झाला. पत्र्याचे काम करणारा कारागीर मला कापत होता आणि समोर स्टुलावर एक तरुण माणूस पट्टी घेऊन बसला होता.

"वीस सेंटिमीटर म्हणजे वीसच हं," तो तिसऱ्यांदा म्हणाला.

"साहेब, झाकण कापतोय," कारागीर म्हणाला. "मनगटावरचं घड्याळ नाही करत."

तो माणूस पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होता. पुढे सगळे त्यांना मोजणीकाका म्हणू लागले. काकांनी मला स्वतः रंगवले, खाली लोखंडी वजन अडकवले. मग एक नवी सुती दोरी आणून तिच्यावर दर पंचवीस सेंटिमीटरला लाल धागा गुंडाळला. एक अख्खी दुपार ते धागे गुंडाळत होते. एकही धागा केसभर पुढेमागे नव्हता.

चूक इथेच झाली. सुती दोरी पहिल्यांदा भिजली की आटते, हे कपडे धुणाऱ्या कोणालाही माहीत असते. काकांनी जन्मात कधी कपडे धुतले नव्हते. त्यांनी कोरड्या दोरीवर खुणा केल्या. पहिल्या काही दिवसांतच पंचवीसचे बावीस झाले. त्यानंतर मात्र ती दोरी तसूभरही हलली नाही. वहीत पाच मीटर लिहिले जाई, तेव्हा मी चार मीटर चाळीसवर असे. मला ते ठाऊक होते. पण चकतीला तोंड नसते.

दर बुधवारी सकाळी अकरा वाजता आम्ही तळ्यावर जात असू. नावाडी नाव मधोमध नेई. काका सावलीच्या बाजूने वाकत आणि मला सोडत. मी दिसेनाशी झाले की एक आकडा, वर ओढताना पुन्हा दिसले की दुसरा. दोन्हींची सरासरी वहीत. ऊन असो, वारा असो, बुधवार चुकला नाही. त्यांच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बुधवार होता. त्या दिवशी वही नव्या नवरीने धरली होती.

"तळ्याला ताप येतो का हो, दर आठवड्याला बघायला येता ते?" नावाडी विचारी.

"ताप आलेला कळायचा असेल तर ताप नसताना मोजून ठेवावं लागतं," काका म्हणत.

त्यांची एक लहान भाची सुट्टीत येई आणि नावेत बसायचा हट्ट धरी. काकांनी तिला काम दिले. मी हरवले की तिने "गेली" म्हणायचे, दिसले की "आली" म्हणायचे. तिचे डोळे काकांच्या डोळ्यांपेक्षा चांगले होते. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत सुंदर शब्द तेच दोन.

एकोणिसाव्या वर्षी, मार्च महिन्यात, काकांनी नवी प्लास्टिकची दोरी आणली. ती भिजून आटणारी नव्हती. पहिल्याच बुधवारी आकडा अर्ध्या मीटरने घसरला.

"काय हो," नावाडी म्हणाला, "आठ दिवसांत एवढं गढूळ? रात्रीतून कुणी म्हशी धुतल्या की काय?"

काका हसले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी जुनी दोरी फरशीवर सरळ पसरली आणि शेजारी टेप ठेवला. बावीस. पुढचा धागा, पुन्हा बावीस. अठरा वर्षांचे आकडे एकाच प्रमाणात जास्त होते. ते मोठे संकट नव्हते. वहीत एक ओळ लिहिली असती तर सगळे आकडे दुरुस्त झाले असते.

"काय झालं?" पत्नीने स्वयंपाकघरातून विचारले.

"काही नाही. ही दोरी कपडे वाळत घालायला बांधून देऊ का?"

त्यांनी ती गॅलरीत दोन खिळ्यांना ताणून बांधली. ओळ मात्र लिहिली नाही. पुस्तक लिहीन तेव्हा प्रस्तावनेत सांगेन, असे ते मनाशी म्हणाले असावेत. काका खोटे नव्हते, मित्रांनो. त्यांना लाज वाटली होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तळ्याच्या वरच्या अंगाला कपडे रंगवणारा कारखाना सुरू झाला आणि त्याचा नाला तळ्यात सोडला गेला. मी दर महिन्याला थोडी लवकर हरवू लागले.

भाची विज्ञान शिकली. ती अशा एका गटात काम करू लागली, जिथे ठिकठिकाणच्या तळ्यांच्या नोंदी एकत्र ठेवत आणि ज्याला अभ्यास करायचा असेल त्याला त्या सहज मिळत. घरी आली की तिचा एकच विषय असे.

"मामा, दे ना तुझ्या नोंदी. सहा तळ्यांच्या आल्यात. तुझ्या सगळ्यांत जुन्या आहेत."

"कच्च्या आहेत गं अजून."

"चोवीस वर्षांत पिकल्या नाहीत? फळं असती तर सडली असती."

मामी हसायची. काका कपाटाला कुलूप लावायचे.

तरुणपणी त्यांनी आपल्या दोन वर्षांच्या नोंदी एका वरिष्ठाला विश्वासाने दिल्या होत्या. त्या छापून आल्या तेव्हा काकांचे नाव कुठेच नव्हते. तेव्हापासून ते ताकही फुंकून पीत. आणि आता तर वहीत झाकायलाही काहीतरी होते. त्यांनी त्या नोंदी एकदा दिल्या असत्या, तर आठ दिवसांत कुणीतरी विचारले असते, "एकोणिसाव्या वर्षी मार्चमध्ये काय झालं हो?" आणि काकांना सांगावेच लागले असते. कुलुपाला कुणी प्रश्न विचारत नाही.

एकतिसाव्या वर्षी एका मंगळवारी काका गेले. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी खुंटीवर होते. पहिल्यांदाच.

भाचीने कपाट उघडले. एकतीस वह्या होत्या. त्या बांधायला ती दोरी शोधू लागली, तेव्हा मामीने गॅलरीतली दोरी कात्रीने कापून आणली.

"ही घे. घट्ट आहे. इतक्या वर्षांत कधी सैल पडली नाही."

"अगं, मग तू कपडे कशावर वाळत घालशील?"

"एकटीचे असे किती कपडे असतात?"

भाचीने दोरीचे चार तुकडे केले आणि चार गठ्ठे बांधले. लाल धागे उन्हाने आणि साबणाने पांढरे पडले होते. दोरीच्याच रंगाचे झाले होते. मला वरच्या गठ्ठ्यावर ठेवले होते. माझ्या पाठीला ती दोरी लागत होती आणि मी ओरडू शकत नव्हते.

तिने सगळे आकडे संगणकात भरले. एकोणिसाव्या वर्षीची घसरण पाहून तिला वाटले, कारखान्याविरुद्धचा पुरावा सापडला. नाल्याबद्दल चौकशी समितीपुढे सुनावणी होती. ती मला पिशवीत घालून घेऊन गेली. कारखान्याचा अभियंता तिचे सगळे शांतपणे ऐकत होता.

"ताई, नाला ऑगस्टमध्ये सुरू झाला," तो म्हणाला. "तुमचं पाणी मार्चमध्येच गढूळ झालं. तळ्याला आधीच स्वप्न पडलं होतं का?"

खोलीत लोक हसले. समितीच्या अध्यक्ष बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही जवळ ओढून ते पान दोनदा पाहिले. "या घसरणीचा खुलासा मिळाला तर आणा," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत या नोंदींवर मला निकाल देता येणार नाही. एक महिना थांबते."

भाचीने बाहेर येऊन नावाड्याला फोन लावला.

"दोरी बदलली होती की तेव्हा," तो म्हणाला. "जुनी? ती काय माहीत. फेकली असेल."

मग तिने मामीला फोन केला. "मामी, मामाची तळं मोजायची जुनी दोरी कुठे आहे गं?"

"मोजायची? लग्नानंतर एकदाच नावेत बसले होते, पण माझं सगळं लक्ष वहीत होतं बाई. खुंटीवर आहे ती प्लास्टिकचीच."

महिनाभर तिने शोधले. काकांचे खिसे, खण, पुस्तकांत ठेवलेले कागद. आणि रोज सकाळी गठ्ठ्यांच्या गाठी सोडून, रोज संध्याकाळी पुन्हा बांधून, ती त्याच वह्या वाचत राहिली. एकदा गाठ सुटेना तेव्हा तिने ती दातांनी सोडवली. मित्रांनो, उत्तर तिच्या तोंडात होते.

महिना संपला. नाला चालूच राहिला.

तिने मला शेवटचे तळ्यात सोडले त्याला आता तीन वर्षे झाली. नावाड्याने त्या दिवसापुरती नाव पाण्यात घातली होती. त्याआधी कित्येक महिने ती काठावर पालथी पडून होती, कारण मासे उरले नव्हते. भाची सावलीच्या बाजूने वाकली. मी गुडघाभर खोलही गेले नव्हते, तोच हरवले.

"गेली," ती म्हणाली.

नावाडी वाट पाहत होता. तिने मला वर ओढले, पदरात धरल्यासारखे मांडीवर घेतले, पण दुसरा शब्द काही तिच्या तोंडून आला नाही.

आता मी त्या गटाच्या कार्यालयात, वरच्या फळीवर एका खोक्यात आहे. सोबत एकतीस वह्या आहेत, त्याच दोरीने बांधलेल्या. खोक्यावर भाचीच्या अक्षरात चिठ्ठी आहे: "खुलासा नाही. वापरू नये." ती लिहिताना तिने पेन दोनदा खाली ठेवला होता.

तळे आता परत येणार नाही. पण बाकीची तळी आहेत, आणि एखादे नितळ पाणी कसे हळूहळू मरते हे एकतीस वर्षे दर आठवड्याला मोजलेले दुसरे कुठे नाही. तुमच्यापैकी कोणी शिकून मोठे व्हाल, त्या खोलीत याल, धूळ झटकून हा खोका खाली काढाल. मला बाजूला ठेवलेत तरी चालेल. फक्त गठ्ठ्याची गाठ सोडल्यावर दोरी फेकू नका. ती उजेडात धरा. तिच्याच रंगाचे दोन धागे शेजारीशेजारी सापडतील. त्यांच्यामध्ये पट्टी ठेवा. बावीस भरतील. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा, खाली तारीख घाला, आणि मग ती वही कोणीही मागितली तरी द्या.