चादरीतले काळे टाके

संग्रहालयात तिला सगळे सुईबाई म्हणत, आणि ते नाव तिला आवडायचंही. विरलेली जुनी कापडं दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे खरंच. पण हातात कला असली की माणसाला वाटतं, डोक्यातही तेवढीच आहे. तिथंच घोडं पेंड खातं.

नव्या प्रदर्शनात वेड्यांच्या इस्पितळातली एक चादर मांडायची होती. तिथल्या कुणा बाईनं ती वर्षानुवर्षं भरलेली. झाडं, घर आणि मधोमध एक लहान मुलगी. बाकी सगळं रंगीत दोऱ्यात; मुलीचे केस, भुवया, पापण्या मात्र कसल्यातरी राठ काळ्या तंतूत. सुईबाईनं तो बोटांत चोळून पाहिला आणि ठरवून टाकलं, घोड्याचा केस. मागाहून कुणा अडाण्यानं केलेली डागडुजी. त्यात कीडही लागलेली. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा." मग काय, तिनं एकेक टाका उसवला, केस कचऱ्यात टाकले आणि त्याच भोकांतून काळं रेशीम ओवलं. सगळ्यांनी वाहवा केली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेब एका म्हातारीला सुईबाईच्या खोलीत घेऊन आले. "यांच्या आईनं भरलीय ती चादर," एवढं सांगून ते गेले.

चादर टेबलावरच होती. म्हातारी बघत राहिली.

"मी दुडदुडत होते तेव्हा आईला तिकडं नेलं. पुढे घरात तिचं नाव काढायचीही चोरी. फोटो नाही, कपडा नाही, काही म्हणता काही उरलं नाही. परवा तिथली जुनी नर्स भेटली. म्हणाली, काळा दोरा कुणी देईना, म्हणून आईनं स्वतःचे केस उपटून मला भरलं."

सुईबाईची नजर चादरीवरच्या रेशमी केसांवर गेली.

"हात लावू का गं?"

खरं सांगून टाकावं असं मनात आलं, नाही असं नाही. पण समोरचा तो चेहरा बघून जीभ रेटेना. "लावा ना, आजी," ती म्हणाली. कापडाला बोट लावलं म्हणून भल्याभल्यांना झापणारी ही बाई!

म्हातारीनं मुलीच्या केसांवरून हात फिरवला. "यातला एक देशील? एकच."

एक खोटं बोललं की त्याला टेकू लागतोच. सुईबाईनं कात्री घेतली, रेशमाचा टाका कापला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

म्हातारी खिडकीपाशी गेली. तो बोटाभोवती गुंडाळून, सोडून, पुन्हा गुंडाळून बघत राहिली.

"हे रेशीम आहे," ती म्हणाली. "आईचे केस कुठे आहेत?"

सुईबाईनं सगळं सांगितलं, घोड्याच्या केसाचंसुद्धा. सांगताना तिला रडू फुटलं, पण त्या रडण्याचा म्हातारीला काय उपयोग?

म्हातारीनं रेशीम टेबलावर परत ठेवलं.

"कचऱ्यात टाकलेस ना? मग तो कचरा नेतात कुठं?"

"मला नाही माहीत. आणि आता चार महिने झाले, आजी."

"मग विचारून ये," म्हातारी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "मी थांबते."