ज्यानं उघडलं त्यानंच झाकायचं

पृथ्वीराजची जीप माझ्या गॅरेजच्या दारात आली तवा मी डबा खात बसलोतो. आवाज आधी ऐकला, माणूस नंतर दिसला. गल्लीच्या कोपऱ्यावर वळताना मागनं घर्रर्र, टक, टक, घर्रर्र. चार वर्षं रोज सकाळी शटर वर करताना ज्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्यो गडी आपल्या पायानं आलता. घास गिळला, डबा झाकला आणि हात पुसत बाहेर आलो.

"या पावणं," म्हणलं.

त्याला ते बरोब्बर लागलं. ह्याच्या घरच्या जिपा मी सहा वर्षं केल्या, ह्याच्या आईच्या हातची भाकरी खाल्ली, आणि आता पावणं.

"सयाजी, मागलं सोड की," त्यो म्हणाला. "रविवारी गडहिंग्लजच्या माळावर शर्यत हाय. दोघा मिस्त्र्यांना दावलं. एकानं चाकाच्या बेअरिंगा बदलल्या, एकानं ऑईल बदललं. आवाज काय जाईना."

मागलं सोड म्हणं. मागलं काय ते सांगतो, मग तुमीच ठरवा.

ह्या जिपेचं मागलं डिफरन्शियल, म्हंजे दोन्ही चाकांना ताकद वाटणारी दात्यांची जोडणी, मी जोडलं, लिमिटेड स्लिपचं. साध्या गाडीत एक चाक चिखलात गरागरा फिराय लागलं की सगळी ताकद तिकडंच वाया जाती आणि गाडी रुतून बसती. लिमिटेड स्लिपमध्ये प्लेटांच्या जुड्या असत्यात, त्या दुसऱ्या चाकालाबी कामाला लावत्यात. उद्यमनगरात तवा असलं काम कुणी अंगावर घेत नव्हतं. मी घेतलं. अकरा दिवस खपलो.

चार वर्षांमागं कोडोलीच्या शर्यतीत ह्यानं वढ्यात जीप भरधाव घातली. इंजनानं पाणी घेतलं आणि गाडी बंद पडली. माणसं हसली. ते हसणं ह्याला पचलं न्हाय. माईक घेतला आणि म्हणाला, सयाजीनं डिफरन्शियल चुकीचं जोडलं, आतनं फुटलं. तिथंच थांबला असता तरी मी गिळलं असतं. पण ह्यानं भंगारातलं एक मोडकं पिनियन, डिफरन्शियलमधलं दातेरी चाक, उचललं आणि थेट माझ्या वस्तादांच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. वर सांगत सुटला, सयाजीचं काढून फेकलं, कोइमतूरवरनं नवीन आणून घातलं. मागल्या फळीवर तसलं स्टिकरबी चिकटवलं. त्याच जिपेवर तीन शर्यती मारल्या. मी घसा फुटंस्तोवर सांगत हुतो, पण माझं काम भंगारात गेलं असंच मीबी धरून चाललोतो. दावणार काय आणि कुणाला?

वस्ताद म्हणजे आकाराम वस्ताद. त्यांच्या हाताखाली मी बारा वर्षं काढली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हौसिंगला, म्हंजे डिफरन्शियलच्या लोखंडी पेटीला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं दुखणं ऐकायचं, हे त्यांनी शिकवलं. त्यांचा एक नियम हुता. उघडून बघितल्याबिगर बोलायचं न्हाय. खंडेनवमीला त्यांच्या हाताखालनं गेलेले सगळे मिस्त्री आपापला पाना घेऊन त्यांच्याकडं जात्यात, पाटावर मांडत्यात, मग पूजा हुती. त्या वर्षी वस्तादांनी माझा पाना पाटावरनं उचलला आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात परत दिला. "हे काम माझं शिकवलेलं न्हाय," एवढंच म्हणाले. त्यानंतर माझा पाना मी माझ्याच गॅरेजात एकट्यानं पुजतोय.

आता सांगा, सोडू?

"बस," म्हणलं आणि जीप रस्त्याला काढली. पाय दाबला, मागं गुणगुण न्हाय. पाय सोडला, तरी न्हाय. म्हणजे दातं धड. वेगात असताना गाडी जरा डावी-उजवी हेलकावली, तरी आवाज वाढला न्हाय, म्हणजे जुन्या बेअरिंगाबी बऱ्या हुत्या, उगंच बदलल्या. मग मोकळ्या जागेत स्टिअरिंग पुरतं वळवलं आणि अगदी सावकाश आठाचा आकडा काढला. तवा बोंबलली.

"ऑईल कुठलं घातलंय?"

"नव्वद नंबर. सगळीच घालत्यात की."

घालत्यात. ट्रॅक्टर असू दे, टेम्पो असू दे, हौसिंग दिसली की आमची माणसं नव्वद नंबर वतून मोकळी हुत्यात. लिमिटेड स्लिपला ते चालत न्हाय. प्लेटा मऊ घसराव्यात म्हणून त्याचं ऑईल वेगळं असतं, त्यात औषध असतं. साधं घातलं की प्लेटा वळणावर धरत्यात-सोडत्यात, वराडत्यात, आणि जोर पडला की जळत्यात. दुखणं मला कळलं हुतं. अर्ध्या दिवसाचं काम.

खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पाप आलं. आहे त्याच ऑईलवर ह्याला लावून द्यायचं. रविवारी चढावर, माईकसमोर, धूर निघू दे. मग बघू कुणाचं नाव घेतोय. फक्त प्लेटा तवर तग धरत्यात का ते बघाय पाहिजे हुतं. म्हणून जीप स्टँडवर चढवली.

"उघडू नगंस," पृथ्वीराज एकदम म्हणाला. "वरनंच काय ते कर."

"का?"

"न्हाय, आपलं उगंच. येळ जाईल."

असं म्हणल्यावर कोण उघडायचं थांबतंय? झाकण काढलं. करपलेलं काळं ऑईल भदाभदा खालच्या ट्रेत पडलं. बॅटरीचा उजेड आत मारला आणि माझा हात तिथंच थांबला.

आत बेअरिंग धरून ठेवणाऱ्या दोन टोप्या असत्यात. डावीची उजवीकडं जाऊ नये म्हणून मिस्त्री डावीवर पंचानं खूण मारतो. बाकीची एक ठिपका मारत्यात. मी तीन मारतो, चुलीच्या दगडांसारखं. ते तीन ठिपके आत हुते. आणि बोल्टपासनं टोपीवर वढलेली माझ्या बायकोच्या नखपालिशची लाल रेघ. बोल्ट एकदा जरी फिरवला तरी ती रेघ तुटती. ती अख्खी हुती.

माझं डिफरन्शियल कुणी काढलंच नव्हतं. तिन्ही शर्यती त्यानंच मारल्या हुत्या.

मला आधी हसू आलं आणि मग इतका राग आला की बॅटरी खाली ठेवावी लागली. आणि रविवारी मी जाळणार काय हुतो? माझंच काम. ह्याचं खोटं मी माझ्या हातानं खरं करणार हुतो.

"पृथ्वीराज," म्हणलं, "कोइमतूरात माझ्या बायकोचं नखपालिश मिळतंय व्हय?"

त्यानं वाकून बघितलं. तोंडाचा रंगच उडाला.

"झाक सयाजी. तू म्हणशील ते करतो."

"वस्तादांना हितं घेऊन ये. त्यांच्यासमोर तुझ्या तोंडानं सांग. मग झाकतो."

"त्यांना कशाला ह्या वयात त्रास..."

"मग राहू दे उघडी."

आमच्या उद्यमनगरात एक रीत हाय. हौसिंग ज्यानं उघडली त्यानंच झाकायची. उघड्या हौसिंगला दुसरा मिस्त्री हात लावत न्हाय, कारण आतलं मागनं मोडलं तर पाप कुणाचं हे ठरत न्हाय. पृथ्वीराज शुक्रवारी दिवसभर गॅरेजं हिंडला. सगळ्यांनी एकच विचारलं, कुणी उघडलीया? माझं नाव ऐकलं की माना हलवल्या. चार वर्षं ह्यांनीच मला मिस्त्री मानलं नव्हतं, पण रीत म्हणजे रीत.

शनिवारी सकाळी रिक्षातनं वस्ताद उतरले. पंच्याहत्तरीला आल्यात. माझ्याकडं बघितलं न्हाय, सरळ जिपेमागं जाऊन उकिडवं बसले. बोट आत घालून ठिपके चाचपले. एक, दोन, तीन. अंगठा लाल रेघेवरनं फिरवला.

पृथ्वीराज त्यांच्या कानाशी वाकून पुटपुटला.

"मोठ्यानं सांग," वस्ताद म्हणाले. "मला ऐकू येत न्हाय आता."

हे मी ठरवलेलं नव्हतं. पण लई गोड लागलं. पृथ्वीराज गल्लीत उभा राहून वरडला, "डिफरन्शियल सयाजीचंच हाय. फुटलंच नव्हतं. पिनियन भंगारातलं हुतं. मी खोटं बोललो." समोरच्या लेथवाल्यानं मशीन बंद केली. वस्ताद म्हणाले, परत सांग. त्यानं परत सांगितलं. मग मी म्हणलं ते कोइमतूरचं स्टिकर काढ, आणि खरवडायला पत्री दिली न्हाय. नखानं खरवडत बसला.

माझं समाधान व्हायला पाहिजे हुतं. झालं न्हाय. मी वस्तादांपुढं जाऊन उभा राहिलो आणि त्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"त्यो खोटं बोलला, त्यो गिऱ्हाईक हाय. तुमी न उघडता बोललासा, वस्ताद."

ते उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. मी आधार दिला न्हाय.

"व्हय," म्हणाले. "मोडकं पिनियन बघितलं आणि तुला बघितलंच न्हाय. चुकलं माझं."

मी प्लेटा काढून धुतल्या. दोन काळवंडलेल्या हुत्या, त्या बदलल्या. झाकणाखाली नवीन पट्टी लावली, औषध घातलेलं ऑईल भरलं. मैदानात आठाचे आकडे काढले, पंधरा-वीस. पयल्या दोन-चाराला कुरकुरली, मग गप झाली. रविवारी पृथ्वीराज जिंकला का हरला मी विचारलं न्हाय. माईकवर माझं नाव घेतलं, एवढं कानावर आलं.

शनिवारी रिक्षात बसताना वस्ताद म्हणाले हुते, "यंदा खंडेनवमीला पाना घेऊन ये."

"यंदा पूजा माझ्याकडं हाय," म्हणलं. "तुमीच स्क्रूड्रायव्हर घेऊन या."

खंडेनवमीला बाकीचे मिस्त्री लवकर आले, खाली मान घालून, पाटावर पाने मांडून बसले. वस्ताद दहाच्या सुमाराला आले. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला त्यो लांब स्क्रूड्रायव्हर हातात, आणि शटरच्या बाहेर उभे. आत या म्हणल्याशिवाय येईनात. मला दिसले हुते. मी माझ्या पान्यावर झेंडूची फुलं मांडत हुतो. एका वर्षाला एक, अशी चार मांडून झाली तवर त्यांना उन्हात उभं केलं. मग म्हणलं, "या वस्ताद."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या पान्याशेजारी ठेवला, पण हात मागं घेतला न्हाय. मी उचलून परत देतो का काय, ते बघत हुते. देवाशप्पथ, माझ्या मनात आलं हुतं. कुंकवाचं बोट त्यावर टेकवाय मला येळ लागला.