तिसरा पुकारा

"दादा, जरा बाजूला हो ना. मागचं दार दिसत नाहीये," धाकटा म्हणाला.

दादा बाजूला झाला. ज्या दारात उभं राहून त्याने सारी नोकरी काढली, ते दार दिसायला त्याचीच अडचण होत होती. फोटोवाल्याने धाकट्याचा फोटो काढला. दाराचाही चांगला आला असणार.

दादा कोर्टात पट्टेवाला होता. काम पुकाऱ्याचं. प्रकरणाची पाळी आली की व्हरांड्यात येऊन हाक द्यायची. या कोर्टाची रीत अशी की पहिल्या दोन पुकाऱ्यांना नुसता नंबर आणि तिसऱ्याला अर्जदाराचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तरी कोणी आलं नाही तर साहेब प्रकरण खारीज करत आणि चष्मा पुसत.

धाकट्याची रोपवाटिका होती. गेले काही उन्हाळे रोपं उभ्या उभ्या करपत होती. असं झालं की माणूस नशिबाला शिव्या देतो. याने सरकारवर दावा लावला. गावाबाहेर कोळशावरचं वीजकेंद्र मंजूर करताना त्या धुराने हवामानाचं काय होईल याचा सरकारने विचार केलेला नाही, तो करावा, एवढीच मागणी. सरकारने विचार करावा म्हणून माणूस कोर्टात जातो आणि लोक त्याला वेड्यात न काढता पेपरात छापतात, हे दादाच्या पचनी पडत नव्हतं. त्यात बायकोने ते कात्रण फ्रिजच्या दाराला चिकटवलेलं. रोज सकाळी दूध काढताना आधी धाकट्याचं दर्शन.

"भाऊजी किती रुबाबदार दिसतात नाही?" ती म्हणायची.

दिसणारच. लहानपणापासून सगळं त्यालाच मिळालं. कॉलेज त्याला, जमीन त्याला, डोक्यावरचे केससुद्धा त्यालाच. दादाच्या वाट्याला वडिलांचा आवाज तेवढा आला. त्याची वाटणी करता येत नव्हती म्हणून.

"दादा, आमचा नंबर यायला वेळ आहे ना? चहा घेऊन येतो," धाकटा म्हणाला आणि वकीलबाईंना घेऊन व्हरांड्याच्या टोकाच्या कॅन्टीनमध्ये गेला.

"आहे," दादा म्हणाला. तेव्हा ते खरं होतं.

मग आधीच्या दोन्ही प्रकरणांना पुढची तारीख पडली. सरकारी वकिलांनी मागे वळून रिकाम्या खुर्च्या पाहिल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जेवणानंतरचं समाधान जेवणाआधीच पसरलं. सोमवारी वीजकेंद्राच्या कामाचा मुहूर्त होता. आज प्रकरण खारीज झालं तर ते पुन्हा उभं राहीपर्यंत धुराडं उभं राहणार, हे त्यांना माहीत होतं. दादालाही होतं.

"पुकारा," साहेब म्हणाले.

दादा बाहेर आला. कॅन्टीनच्या खिडकीत धाकट्याची पाठ दिसत होती. कसल्याशा विनोदावर ती हलत होती.

दादाने नंबर पुकारला. शेजारी तान्हं मूल झोपलेलं असावं अशा बेताने. पुकारा किती मोठ्याने करायचा हे कुठल्याच नियमात नाही. दुसऱ्यांदा आवाज आणखी खाली उतरला. बाकावरच्या एका बाईंनी विचारलं, "काही म्हणालात का?"

"नाही."

कात्रण आता आपोआप पिवळं पडेल, त्याच्या मनात आलं. धाकटा येईल, म्हणेल, दादा, काय झालं रे? आपण म्हणू, पुकारा झाला, तू नव्हतास. नियम आहे. बरं वाटत होतं.

तिसरा. धाकट्याचं नाव त्याने जिभेच्या टोकावरून अलगद सोडून दिलं. पुढचं नाव वडिलांचं. तिथे गाडी अडली. जगातल्या यच्चयावत बापांची नावं त्याने या व्हरांड्यात दणदणीत पुकारली होती. चोरांच्या, बुडव्यांच्या, सगळ्यांच्या. आणि स्वतःच्या बापाचं नाव कुजबुजायचं? त्यांनी काय दरोडा घातला होता?

मग जे निघालं ते घशातून निघालं नाही, त्याच्या खालून कुठून तरी निघालं. कौलांवरची कबुतरं उडाली. आतून साहेब ओरडले, "अहो, कोर्ट आहे हे!" कॅन्टीनमधून धाकटा धावत आला, मागून पदर सावरत वकीलबाई.

"केवढ्याने ओरडतोस रे! सगळे बघतायत," जाता जाता धाकटा म्हणाला.

संध्याकाळपर्यंत युक्तिवाद चालले. साहेबांनी मंजुरी रद्द केली. सरकारने हवामानाचा विचार करावा आणि मगच नव्याने निर्णय घ्यावा. सरकारी वकिलांनी विचार करण्यासाठी मुदत मागितली.

घरी टीव्हीवर धाकटा बोलत होता. वकीलबाईंचे आभार, तज्ज्ञांचे आभार, रोपवाटिकेतल्या माणसांचे आभार. मागे दार होतं आणि दाराच्या कडेला खाकी बाहीचं एक कोपर. दादा मिठाच्या पाण्याने गुळण्या करून आला. आवाज पार बसला होता.

"काय म्हणतोय रे तो?" आईने विचारलं. तिला टीव्हीचं ऐकू येत नसे, दादाचं तेवढं यायचं.

दादाने तिच्या कानाशी वाकून, निघेल तेवढ्या आवाजात सांगितलं, "सगळ्यांचे आभार मानतोय."

"तुझं नाव घेतलं का?"

दादाने टीव्हीकडे पाहिलं. धाकटा हसत होता. केस छान विंचरलेले होते.

त्याने मान हलवली. घेतलं.