पडणाऱ्या माणसाची चौकशी

आमचे हे गेल्या आठवड्यात कारखान्याच्या पत्र्यावरून पडले, ते अजून खाली पोहोचलेले नाहीत. छपराच्या लोखंडी कैचीखाली ते पाठीवर आडवे आहेत. फुटलेल्या सिमेंटच्या पत्र्याचे तुकडे त्यांच्या आजूबाजूला थांबले आहेत, आणि वरच्या भोकातून उजेडाचा एक गोल खाली कोब्यावर पडतो.

आमची फाउंड्री आहे, लोखंड वितळवून साच्यात ओतायचं काम. हे मेंटेनन्सला, मी कोअर शॉपमध्ये. तिथे आम्ही बायका साडीवर खाकी शर्ट चढवून साच्यात बसवायचे वाळूचे कोअर बनवतो. काहीतरी फुटल्याचा आवाज आला म्हणून मी धावत गेले, तर खाली काहीच नव्हतं. सगळे माना वर करून उभे होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"पत्रा फुटला," हे वरून म्हणाले. "गळत हुतं तिथं डांबर लावत हुतो."

"लागलं का कुठं?"

"अजून न्हाई."

वेळेवर पोहोचणं यांच्या स्वभावातच नाही. लग्नाच्या दिवशी अक्षता हातात धरून पाहुणे कंटाळले, तेव्हा यांची गाडी गावात शिरली. या उशिरावरून मी त्यांना जन्मभर घालूनपाडून बोलले. त्या दिवशी मात्र त्या उशिराला हात जोडावेत असं वाटलं.

माणसांनी शिडी लावली, दंडाला धरून ओढून बघितलं. हे तसूभर हलले नाहीत. पडणाऱ्या माणसाला वर घेता येत नाही, त्याच्या खाली काहीतरी मऊ अंथरता येतं, एवढं थोड्याच वेळात सगळ्यांना कळून चुकलं. वाळूला आमच्याकडे तोटा नाही. मी घमेलं भरून आणायला गेले.

परत आले तोवर गणपा अण्णांनी नारळ फोडला होता. अण्णा आमच्यातले सगळ्यांत जुने मोल्डर, साचे भरणारे. आमच्याकडे पद्धतच आहे, अपघात झाला की ती जागा धुवायची, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि मग भट्टी पुन्हा पेटवायची. जागा शांत केल्याशिवाय कुणी कामाला हात लावत नाही. अण्णांनी सवयीनं तेच केलं होतं, अगदी यांच्या खाली. खोबरं वाटून झालं आणि भट्टी सुरू झाली. माणूस अजून वर आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण जागा शांत झाली होती.

"वैनी, चपला काढा," अण्णा म्हणाले. "आन् ते घमेलं भाईर ठेवा. तिथं नारळ फोडलाय."

"अण्णा, ते पडतील."

"म्हणून तर फोडला."

दुसऱ्या दिवशी मॅनेजर खर्डेकर साहेबांनी चौकशी समिती नेमायचं जाहीर केलं. नियमाप्रमाणे माणूस जमिनीवर आल्याशिवाय अपघात गंभीर ठरत नाही, आणि तो गंभीर ठरल्याशिवाय समिती नेमता येत नाही. "पण आपण हातावर हात ठेवून बसणार नाही," साहेब म्हणाले. "समिती आधीच तयार ठेवू. नंतर धावपळ नको." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. समिती म्हणजे कुणीतरी काहीतरी करणार, असं मला वाटलं.

सेफ्टी ऑफिसर नेजदार खडू घेऊन आले आणि त्यांनी हळदकुंकवाभोवती चौकोन आखला. समितीच्या सभासदांखेरीज कुणी चौकोनात पाऊल टाकायचं नाही. सभासदांनीही हात रिकामे ठेवून जायचं. वाळू नको, गादी नको, पोतं नको. घटनास्थळ आहे तसं राहिलं पाहिजे. मग त्यांनी चौकोनाच्या कडेला पाच खुर्च्या मांडल्या. खर्डेकर साहेब अध्यक्ष म्हणून पहिल्या खुर्चीत बसले, आणि हे हातभर खाली आले.

मला भास झाला असेल म्हणून मी खांबावरच्या पिवळ्या पट्ट्याकडे बघितलं. आधी हे पट्ट्याच्या वर होते, आता बरोबर पट्ट्याशी होते. नेजदार दुसऱ्या खुर्चीत बसले. पट्टा वर राहिला. पत्र्याचे तुकडेही यांच्याबरोबर उतरले होते.

"साहेब, तुम्ही बसलात की ते खाली येतात," मी म्हणाले.

साहेबांनी वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "म्हणजे काम पुढं सरकतंय," ते म्हणाले.

नेजदारांनी यांचा जबाब घेतला. मान वर करून त्यांनी विचारलं, "बेल्ट घातला होता?"

"घातलाय की. ह्यो बघा."

"हुक कुठे अडकवला होता?"

यांनी हातातला हुक दाखवला. दोरीसकट तो त्यांच्या मुठीत होता. "अडकवायला वर कुठं काय हाय, साहेब? नुसता पत्रा."

नेजदारांनी मान हलवली. "हुक अडकवलेला नव्हता," ते अध्यक्षांना म्हणाले. अध्यक्षांनीही मान हलवली, आणि हुकाचा विषय तिथे संपला.

सुरुवातीला मी त्यांना जेवू घालत होते. लांब गजाच्या टोकाला भाकरीचा तुकडा खोचून तोंडापर्यंत न्यायचा. चटणी सांडते म्हणून हे कुरकुर करायचे. मग तिसऱ्या खुर्चीत डॉक्टर आले. हे आणखी हातभर उतरले. डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय का?" हे म्हणाले, "अजून न्हाई." डॉक्टर माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "आता खायला देऊ नका. पोटात काय होतं ते नंतर बघावं लागतं." त्या रात्री माझ्याच्यानं घरात चूल पेटवणं झालं नाही.

चौकोन रोज वाढत होता. नेजदार म्हणायचे, मी हात लावलेला नाही. सकाळी येऊन बघावं तर खडूची रेघ पुढे सरकलेली असायची. तिच्यापुढे आमची टेबलं मागे सरकली, वाळूचा ढीग मागे सरकला, शेवटी माझी पाठ कोअर शॉपच्या भिंतीला लागली. कोअर भरताना माझ्या पायाची बोटं रेघेला टेकत. गज आता यांच्यापर्यंत पोहोचला नसता. येणारेजाणारे चपला काढून रेघेशी नमस्कार करायचे. माझ्या शेजारच्या हौसाबाईनं तर मुलीच्या लग्नासाठी नवसही बोलून घेतला. वर हे बघत होते. "पोरीला चांगला नवरा मिळू दे," ते म्हणाले, आणि हौसाबाईनं डोळे मिटून हात जोडले.

मी तिच्याशी भांडले. खरं तर मला सगळ्यांशीच भांडायचं होतं. इतकी माणसं, इतकी वाळू, आणि माझा माणूस कोरड्या कोब्यावर पडणार होता.

चौथ्या खुर्चीसाठी पुण्याहून तज्ज्ञ आले. ते बसले तेव्हा हे इतके खाली आले की मला त्यांच्या दाढीचे खुंट दिसायला लागले. तज्ज्ञांनी वरच्या भोकाकडे बघितलं, खालच्या उजेडाच्या गोलाकडे बघितलं आणि दोन्ही एकाच मापाचे आहेत असं सांगितलं. सगळ्यांना समाधान वाटलं.

एक खुर्ची उरली. ती कामगारांच्या प्रतिनिधीची होती.

"मंगलवैनीच बसू दे," अण्णा म्हणाले. "आपलं माणूस आत पायजे."

सगळ्यांना ते पटलं. मी नाही म्हणाले. मी बसले नाही तर समिती पुरी होणार नाही आणि हे आहेत तिथे राहतील, एवढा हिशेब मला येत होता. खर्डेकर साहेब समजूतदारपणे म्हणाले, "बाई, तुमची इच्छा नसेल तर अण्णा बसतील. दुपारनंतर खुर्ची रिकामी ठेवता येणार नाही." अण्णांनी लगेच टोपी काढून हातात घेतली.

मी रेघेशी जाऊन उभी राहिले.

"मंगल, बस खुर्चीत," हे म्हणाले.

"बसले की तुम्ही खाली याल."

"येणारच हाय मी. आज न्हाई तर उद्या. अण्णा बसला तर तुला आत सोडतील का?"

"हात रिकामे ठेवून जायचंय. काही नेता येत नाही."

"मग तू नुसती ये," ते म्हणाले. त्यांनी मोकळा हात माझ्याकडे लांबवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

मी खुर्चीत बसले. खर्डेकर साहेबांनी "समिती पूर्ण झाली" असं मोठ्यानं सांगितलं. टाळ्या वाजल्या. भट्टीच्या बाजूचे लोकही जवळ आले. मी लगेच उठले, चपला काढल्या आणि रेघ ओलांडली. कुणी अडवलं नाही, मी सभासद होते. आत कोबा थंड होता. खोबऱ्याचा वास अजून येत होता.

उजेडाच्या गोलात उभी राहून मी शर्टाची बटणं सोडली, आत खोचलेला पदर बाहेर ओढला आणि दोन्ही हातांनी पसरला. जुनी सुती साडी होती, काठाशी विरलेली. वर बघितलं तर यांची पाठ दिसत होती, बेल्टाचा पट्टा, शर्टावरचे डांबराचे डाग. तो शर्ट मीच धुतला होता.

"सभासद घटनास्थळी उभ्या आहेत," अध्यक्ष म्हणाले. नेजदार वाकून पुढे आले आणि माझ्या पावलांभोवती खडूनं रेघ ओढायला लागले. हौसाबाईनं कुंकवाची डबी उघडली. अण्णा दुसरा नारळ सोलत होते.

"सावकाश या," मी यांना म्हणाले. "उशीर झाला तरी चालेल."

पत्र्याचा पहिला तुकडा माझ्या पदरात पडला. उन्हानं तो अजून गरम होता.