चप्पल नको

ठाण्याच्या समाजकार्य महाविद्यालयात त्या दिवशी माया मॅडम सरावासाठी वर्गासमोर आई होऊन बसल्या होत्या. मुलीला शाळेत न पाठवणारी आई. तिच्या घरी कार्यकर्ती म्हणून जायचं होतं हेमालीला. हेमाली आत आली, बसली आणि सुरू झाली. शिक्षणाचा कायदा, मोफत पुस्तकं, शिष्यवृत्ती, मुलगी शिकली तर घर कसं सुधारतं, सगळं तिने एका दमात सांगितलं.

"छान," मॅडम म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याचा हात मोडलाय आणि मुलगी त्याच्याजवळ थांबते, हे मी तुला सांगणार होते. तू विचारलंच नाहीस."

सगळा वर्ग हसला. हेमालीही हसली. "मॅडम, मी कोलशेतच्या कोळीवाड्यातली. आमच्याकडे गप्प बसलं तर टोपलीतली मासळी टोपलीतच राहते."

मॅडमनाही हसू आवरलं नाही. पण क्षेत्रकार्यासाठी त्यांनी तिला ठाकुर्लीच्या रुळांजवळची वस्ती दिली, आणि तिथलं पहिलंच घर निघालं कांताचं.

कांता डोंबिवलीत चार घरची कामं करायची. नवरा सुदेश एका सोसायटीत वॉचमन. दोघं माणदेशातून आलेली. त्यांची ऐश्वर्या आठवीत होती, आणि दिवाळीची सुट्टी संपल्यापासून शाळेतच गेली नव्हती.

"हिला तुम्हीच समजवा ताई," कांता म्हणाली. "माझं ऐकत नाय."

हेमालीने समजावलं. अगदी प्रेमाने, खांद्यावर हात ठेवून. ऐश्वर्या मान हलवत राहिली. "मग मंगळवारी मी स्वतः येते, आपण दोघी मिळून जाऊ शाळेत," असं ठरवूनच हेमाली उठली.

मंगळवारी ती गेली, तर कांता दारात उभी. "मोरीत जाऊन बसलीय. आतून कडी घातलीय."

दुसऱ्या दिवशी हेमाली मॅडमच्या खोलीत तणतणत शिरली. "एवढं सांगितलं, पण तिच्या डोक्यात काही शिरतच नाही!"

"तिचा आवाज कसा आहे गं?" मॅडमनी विचारलं.

दोनदा त्या घरी जाऊनही हेमालीने ऐश्वर्याचा आवाज ऐकलेला नव्हता.

त्या संध्याकाळी घरी ती जेवतानाही बोलली नाही. आजी, मनुबाई, घाबरलीच. "काय गो, ताप आलाय काय?"

पुढच्या खेपेला ऐश्वर्या उघड्या दारात लसूण सोलत बसली होती. समोरच्या हॉटेलवाल्याचा लसूण कांता घरी सोलायला आणायची. हेमाली शेजारी बसली आणि तिनेही मूठभर पाकळ्या ओढल्या. शाळेचं नाव काढलं नाही. बाहेर नळावर बायकांची भांडी वाजत होती. गप्प बसणं हेमालीला इतकं जड गेलं की तिने नखाने एक पाकळी चिरडूनच टाकली.

"तुम्ही आज बोलत नाय," ऐश्वर्या म्हणाली. आवाज जाडसर होता, घोगरा.

"नाय."

"बरं नाय का?"

हेमाली हसली. ऐश्वर्याही जराशी हसली. मग लसणाकडेच बघत म्हणाली, "मला फिट येते."

हळूहळू सगळं बाहेर आलं. सहामाही परीक्षेच्या आधी ती वर्गात पडली होती. शुद्धीवर आली तेव्हा नाकाशी कुणाचीतरी चप्पल होती, आणि युनिफॉर्म ओला झालेला. दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला बघून हातपाय झाडायची. आईबापाने गावी नेऊन देवऋष्याला दाखवलं, आणि बजावलं की हे कुणाला सांगायचं नाही, पुढे लग्न जमणार नाही.

"कोण पोरं आहेत ती?" हेमाली ताडकन म्हणाली. "उद्याच येते मी शाळेत, बघते एकेकाला!"

ऐश्वर्याने मान खाली घातली. हात पुन्हा लसणाकडे गेले. हेमालीला ते दिसलं. ती थांबली.

"चुकलं माझं. तुला काय हवंय, ते सांग."

"परत फिट आली तर चप्पल नको," ऐश्वर्या म्हणाली. "आणि पोरांनी बघत उभं राहायला नको."

लेकीने हेमालीला सगळं सांगितलं हे कांताला कळलं, तेव्हा ती भडकली. "तुम्हाला शाळेसाठी बोलावलेलं, घरातलं बाहेर काढायला नाय!" हेमालीने उलट उत्तर दिलं नाही. कांता ओरडली, रडली, आणि शेवटी म्हणाली, "रात्री ती झोपली की मी श्वास बघत बसते ओ. कुणाला सांगू?" मग माया मॅडमही एकदा येऊन गेल्या, आणि त्या आठवड्यात कांता रजा टाकून लेकीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. हेमाली सोबत होती. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, हा मेंदूचा आजार आहे, गोळी रोज घ्यायची, चुकवायची नाही, आणि शाळा बंद करायचं काही कारण नाही.

शाळेत मंजुळाबाई वर्गशिक्षिका होत्या. फिट आली की काय करायचं ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. त्यांनी एक तास मोकळा करून दिला. हेमाली तयारी करून गेली होती, चित्रंसुद्धा काढून. पण ती फळ्याकडे वळणार तेवढ्यात ऐश्वर्या बाकावरून उठली.

"मी सांगते."

तिने खाली सतरंजी टाकली आणि त्यावर आडवी झाली. "असं झालं तर मला कुशीवर वळवायचं. बाक बाजूला करायचे. हात दाबून धरायचे नाहीत. तोंडात काय घालायचं नाय. कांदा नाय, चप्पल नाय. पाच मिनिटांत थांबलं नाय तर बाईंना दवाखान्याची गाडी बोलवायला सांगायची."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. वर्ग मात्र हसला नाही. एका मुलीने विचारलं, "पाणी द्यायचं का?"

"पूर्ण शुद्धीवर आल्यावर." ऐश्वर्या उठून बसली. "आणि मला लाज वाटते. म्हणून बघत उभं नाय राहायचं."

हेमाली भिंतीला टेकून उभी होती. डोक्याखाली दप्तर ठेवायचं राहिलं होतं. ते तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. मग ऐश्वर्यालाच आठवलं आणि तिने दप्तर ओढून दाखवलं.

गोळ्यांनी फिट पुष्कळ कमी झाल्या, तरी फेब्रुवारीत एकदा आलीच, भर वर्गात. हेमाली तेव्हा ठाण्यात होती. दुपारी कांताचा फोन आला.

"मुलींनी तिला कुशीवर घेतली, ताई. आणि सगळ्या तिच्याभोवती गोल करून उभ्या राहिल्या, तिच्याकडे पाठ करून! पोरांना म्हणाल्या, तिकडे तोंड करा. मंजुळाबाईंनी फोन केला म्हणून मी कामावरून धावत गेलेले तिला घरी आणायला."

"मग?"

"मग काय, येतेय कुठली! थोडा वेळ झोपली, उठली, तोंड धुतलं. म्हणते, आता गणिताचा तास आहे, तू जा." मागे रस्त्यावरचे रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. "मग मी आले बाहेर. चाललेय आता परत कामावर."