कुळाची थुंकी

तुळशीरामने अर्धी ओढून विझवलेली विडी कानामागे खोचली आणि तपासणीचा निकाल घेऊन आलेल्या प्रतीक्षाच्या हातातलं पाकीट, ती देईपर्यंत न थांबता, ओढून घेतलं. चष्मा आतल्या खोलीत होता. तो आणायला उठणं त्याला कमीपणाचं वाटलं, म्हणून पाकीट परत तिच्याच पुढ्यात टाकलं.

"वाच. मले माहीतच हाय काय निघालं ते."

त्याला सगळंच माहीत असायचं. धाड गावच्या बाजारातल्या बियाण्याच्या दुकानात बसून तो गिऱ्हाइकांच्या तोंडावर धूर सोडत बोंडअळीपासून हृदयविकारापर्यंत कशावरही बोले. त्याच्या बापाने नव्वदीपर्यंत विड्या ओढल्या, एवढा एकच पुरावा त्याच्याजवळ होता आणि तेवढा त्याला जन्मभर पुरला.

प्रतीक्षा एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या अभ्यासासाठी गावोगाव फिरत होती. धुराने पेशींमधल्या डीएनएची मोडतोड होते, ती दुरुस्त करणारी जनुकं मात्र सगळ्यांची सारखी नसतात. म्हणून विडी ओढणाऱ्यांत कुणाला फुप्फुसाचा कॅन्सर लवकर गाठतो का, हे त्यांना पाहायचं होतं. पाच महिन्यांपूर्वी तिने तुळशीरामला लाळेसाठी नळी दिली, अर्धा तास खायचं-प्यायचं-ओढायचं नाही असं बजावलं आणि ती शेजारच्या घरी गेली.

या बहाद्दराला अर्धा तास निघाला नाही. दहाव्या मिनिटाला विडी पेटवून त्याने नळी बायकोपुढे धरली.

"थुंक याच्यात."

"माही काऊन?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"लगनात तुहं कूळ बदललं ना? मंग थुंकी बी आमच्याच कुळाची झाली. थुंक मुकाट्यानं."

त्या थुंकल्या. चाळीस वर्षांत त्यांनी याहून मूर्खपणाचं पुष्कळ ऐकलं होतं.

आता त्या आतल्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. दिवाळीपासून त्यांचा खोकला हटत नव्हता. तुळशीराम त्याला नाटक म्हणत असे.

प्रतीक्षाने कागद उघडला.

"काका, या नमुन्यात दुरुस्तीच्या जनुकांत काही फरक सापडलेत. कॅन्सर होणारच, असं नाही. पण धुराचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असू शकतो."

तुळशीरामचं तोंड पडलं. कानामागची विडी काढून त्याने विंचू झटकावा तशी खाटेखाली टाकली.

"मले?" गावाला अक्कल शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून एवढंच फुटलं.

"तेच विचारायला आले. हा नमुना पुरुषाचा नाहीच. बाईचा आहे."

तुळशीराम गुडघ्यावर थाप मारून हसला.

"हात्तिच्या! मंग ते तिच्या माहेरचं हाय. मेहकरकडचं रक्त, कच्चंच राह्यते. आमच्या कुळात नाही व असं काही!"

वाकून त्याने खाटेखालची विडी शोधली, फुंकरून धूळ उडवली आणि तिथेच, बंद खिडकीपाशी, पेटवली. लाज नावाची गोष्ट त्याला शिवली नाही. दारात उभ्या असलेल्या बायकोकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

"काकू, खोकला कधीपासून आहे?" प्रतीक्षाने हळूच विचारलं.

"दिवाळीपासून."

"उद्याच बुलढाण्याला दाखवून या. आणि धुरात बसू नका."

"काही होत नाही व," तुळशीराम म्हणाला. "ज्येष्ठमध चघळ."

सत्यभामाबाई पुढे आल्या.

"उठा."

"काऊन?"

"उठा म्हणते ना."

त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, तो उठला. त्यांनी खाट उंबऱ्याबाहेर ओढत नेली आणि अंगणात लिंबाखाली टाकली. तिच्यावर त्याची उशी, चादर आणि विड्यांचा कट्टा ठेवला. तोही मागोमाग बाहेर आला, बडबडत. त्या आत शिरल्या आणि त्यांनी दाराला कडी घातली. मग खिडकी उघडून त्या प्रतीक्षाजवळ टेकल्या. खोकल्याची एक उबळ येऊन गेली.

"त्या कागदावरचं त्याहिचं नाव खोड, पोरी. माहं लिह."

"सांगा. पूर्ण नाव?"

"अव, काडीपेटी आतच राह्यली!" बाहेरून दार वाजलं.

"सत्यभामा," त्या म्हणाल्या आणि पुढे बापाचं नाव सांगितलं.