खालचा ब्रेकर

टेस्टरच्या मुठीतला मोहरीएवढा दिवा पेटला होता. भर उन्हात तो नीट दिसतही नव्हता, म्हणून त्याने डाव्या हाताचा पंजा आडोशासारखा धरला, आणि पंजाच्या सावलीत दिवा आणखीच लाल झाला… पेटायला नको होता. वायरीची ही टोकं मघाशी त्याने स्वतःच सोलली होती, हातमोजे काढून, उघड्या बोटांनी, आणि तेव्हा त्यांच्यात काही नव्हतं, नुसतं तांबं होतं. आताही ती तशीच दिसत होती. दिसायला ती कायम तशीच दिसतात, हेच तर —

टेस्टर बिघडला असेल. त्याने पेटीतून मीटर काढला, त्याच्या दोन सुया जपून टोकांना लावल्या. मीटरनेही तेच सांगितलं. वीज होती, अगदी पूर्ण दाबाची.

तो गुडघ्यांवरूनच मागे सरकला आणि गच्चीच्या तापलेल्या फरशीवर हात टेकून बसला. समोर ते यंत्र उभं होतं, पॅकेज युनिट, म्हणजे कॉम्प्रेसर, पंखे, जाळ्या सगळं एकाच लोखंडी पेटीत कोंबलेलं कपाटाएवढं धूड, सकाळी क्रेनने उचलून गच्चीवर आणलेलं. पोटाचं झाकण उघडं होतं. खालच्या हॉलमध्ये ज्या भोकातून गार हवा जायची होती, त्यातून शिवणवर्गातल्या मशीनचा खडखडाट वर येत होता. आणि पेटीच्या पलीकडे एका उपड्या खोक्यावर दादा बसला होता, रबराची पट्टी मांडीवर घेऊन ती मापात कापत. पट्टी आणायला तो आत्ताच खाली जाऊन आला होता.

खाली. जिन्याखाली गच्चीची वीज तोडणारा ब्रेकर होता, ब्रेकरला कुलूप होतं, आणि कुलपाची किल्ली दादाच्या खिशात होती.

सकाळी कुलूप लावताना तो स्वतः शेजारी उभा होता. दादाने दांडी खाली ओढली, कुलूप अडकवलं, दोनदा हिसडून बघितलं, किल्ली वरच्या खिशात टाकून खिशावर थाप मारली. खरं तर ज्याचा हात यंत्रात, किल्ली त्याच्याच खिशात हवी, असा नियम. पण त्या दोघांत किल्ली पहिल्यापासून दादाकडेच. दादाकडे असणं आणि आपल्याकडे असणं यात काही फरक असतो, असं त्याच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता, आणि त्यानंतर सगळ्याच किल्ल्या दादाच्या खिशात गेल्या होत्या.

कुणी खाली जाऊन आलं की पुन्हा तपासायचं, हे वळणही दादानेच लावलेलं. अगदी सुरुवातीच्या दिवसांत एकदा तो वायरीला हात घालणार तेवढ्यात दादाने मनगट धरलं होतं. ‘बंद आहे?’ ‘हो.’ ‘कोण म्हणालं?’ ‘तूच म्हणालास.’ ‘मी कोण?’ आणि तो बावळटासारखा बघत राहिला तसं दादा म्हणाला होता, ‘बारक्या, मी सांगितलं तरी तपासायचं. माझ्यावर विश्वास टाकायचा तो घरी. घरची माणसं आधी ओरडतात आणि मग चावतात, ही वीज न ओरडता चावते.’ आणि मग स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसला होता. बारक्या आता दादापेक्षा वीतभर उंच होता, त्याच्या मुलीला चष्मा लागला होता, पण दादासाठी तो बारक्याच.

“दादा.”

“हं.”

“खालचा ब्रेकर चालू आहे.”

कात्री थांबली. पट्टीचा कापलेला तुकडा दादाच्या हातात तसाच हवेत राहिला, आणि दादाच्या चेहऱ्यावर… काहीच आलं नाही. दचकणं नाही, राग नाही. एखादा माणूस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत येतो आणि उंबऱ्यावर उभा राहून आठवतो, मी कशाला आलो होतो — तसा तो चेहरा. मग त्याचा हात सावकाश वरच्या खिशाकडे गेला, खिशात चाचपून परत आला, आणि मग हसू आलं. उशिरा आलं, पण आलं.

“मीच केला चालू,” दादा म्हणाला. “मुद्दाम. बघत होतो, तपासतोस का तसाच हात घालतोस. शाबास!”

“हो का,” तो म्हणाला.

दुसरं काय म्हणणार होतो मी? याच दादाने एकदा अशी थट्टा करणाऱ्या एका गड्याच्या कानाखाली वाजवली होती, सगळ्यांसमोर, आणि दिवसभर त्याच्याशी बोलला नव्हता. जिवाची थट्टा करायची नाही म्हणून. आणि आज हाच दादा…

“मी बंद करून येतो. दे किल्ली.”

“मी जातो की.”

“बस तू. पट्टी होऊ दे.”

दादाने किल्ली दिली नाही, कारण ती त्याच्याकडे नव्हती. “तिथंच असेल,” तो पट्टीकडे बघत म्हणाला.

तो अर्धा जिना उतरला. तो कठड्याला धरून उभा राहिला. आणि तिथे, त्या अर्ध्या जिन्यात, त्याच्या मनात ते आलं. महिन्यापूर्वी जेवताना तो म्हणाला होता, दादा, मी आता माझं वेगळं काम बघावं म्हणतो. दादा ‘बरं’ म्हणाला होता आणि ताटातलं संपवून उठला होता. त्या ‘बरं’च्या पोटात काही साठत गेलं असेल तर? पट्टीच्या निमित्ताने खाली येऊन, कुलूप काढून, दांडी वर… आणि एका क्षणासाठी, खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. राग असेल तर बरं. रागाला सामोरं जाता येतं. भांडता येतं, पाय धरता येतात, वहिनीला मध्ये घालता येतं. भावाला आपलं मरण चाललं असतं, हे त्या दुसऱ्या गोष्टीपेक्षा सोपं वाटत होतं. दुसऱ्या गोष्टीचं नाव त्याने अजून मनातही घेतलं नव्हतं.

ब्रेकरची दांडी वर होती. कुलूप शेजारच्या खिळ्याला टांगलेलं, किल्ली त्यातच. नीटनेटकं टांगलेलं, जसं काम संपल्यावर दादा टांगतो.

शिवणवर्गाच्या बाई दारात आल्या, गळ्यात मापाची फीत, तोंडात दोन टाचण्या. त्या काढून हातात घेत म्हणाल्या, “झालं का चालू? मुली उकाड्याने हैराण झाल्यात.”

“अजून वेळ आहे. बाई… मघाशी दादा इथे आला होता ना?”

“आले होते की. बराच वेळ उभे होते इथंच. मला म्हणाले, वर कोण काम करतंय? म्हटलं, अहो तुमचाच भाऊ ना? तर हसले.” बाई स्वतःही हसल्या. “मोठे थट्टेखोर आहेत हो तुमचे दादा.”

“हो,” तो म्हणाला. “फार.”

त्याने दांडी खाली ओढली, कुलूप अडकवलं, दोनदा हिसडलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. इतकी हलकी, आणि जिना चढताना मांडीला टोचत राहिली. थट्टाच असेल. दादाला थट्टेची खोड आहेच, बाई काही खोटं सांगत नाहीत… पण मन एकदा मागे फिरलं की त्याला दारं बंद करता येत नाहीत. सकाळी यंत्र क्रेनच्या पट्ट्यांना लोंबकळत गच्चीच्या वर आलं होतं, तो दोरी धरून त्याचं झुलणं आवरत होता, आणि खुणा करायला कडेला दादा उभा होता, हात वर करून. हात वर, आणि तसाच वर. उचल नाही, उतरव नाही. खालून क्रेनवाला ओरडला, “मालक, वर घेऊ का खाली?” तरी हात तसाच. एवढं मोठं धूड डोक्यावर टांगलेलं, आणि त्याला वाटलं होतं, दादा वाऱ्याचा अंदाज घेतोय. केवढा सावध माणूस, असं वाटलं होतं! शेवटी दोरी ओढत त्यानेच मान हलवून क्रेनवाल्याला खूण केली होती, आणि यंत्र चौकटीवर टेकल्यावर दादा म्हणाला होता, “वारा होता.” वारा नव्हता.

आणि त्याच्याही आधी, घरून निघताना, वहिनी डबे घेऊन गाडीपर्यंत आली होती. ती या घरात आली तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता, अजूनही त्याच्याशी ती तशीच बोलते. “ह्यांच्याकडे लक्ष ठेव रे.” गच्चीचं काम म्हणून म्हणते आहे, असं समजून तो म्हणाला होता, “वहिनी, तोच माझ्याकडे लक्ष ठेवतो.” त्यावर ती डबा उगाच पुन्हा पुसत राहिली होती पदराने…

म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असून तिने आम्हाला दोघांना वर पाठवलं. की दादाला घरी बसवणं तिला जमलं नाही, आणि मला सांगणं तर त्याहून नाही?

तो वर आला. दादा पट्टी कापून, तुकडे ओळीने मांडून बसला होता. धाकट्याने टोकं पुन्हा तपासली, एकदा टेस्टरने, एकदा मीटरने, आणि दादा ते बघत होता. आधी हात बघितले, मग त्याचा खिसा. मग उठून शेजारी बसला आणि जोडणी सुरू झाली. आधी अर्थिंगची हिरवी वायर, मग बाकीच्या. दादाचे हात अजिबात चुकत नव्हते. स्क्रू किती आवळायचा, वायरीला किती बाक ठेवायचा म्हणजे यंत्राच्या थरथरीने ती सुटणार नाही, झाकणाच्या कडेला पट्टी कशी दाबायची म्हणजे पावसाचं पाणी आत झिरपणार नाही, सगळं बोटांना ठाऊक होतं. त्या हातांकडे बघताना त्याला वाटलं, मूर्खपणा आहे आपला, माणूस एकदा विसरला म्हणून काय… आणि तेवढ्यात दादा सहज म्हणाला,

“तू मला काहीतरी सांगणार होतास ना रे?”

“कधी?”

“बरेच दिवस बघतोय. जेवताना तोंड उघडतोस आणि मिटतोस. काय आहे?”

पाना त्याच्या हातात थांबला. एवढ्यात त्याने जेवताना तोंड उघडलं होतं ते एकदाच, आणि मिटलं नव्हतं. जे सांगायचं ते सांगून टाकलं होतं, आणि त्यानंतर कितीतरी रात्री कूस बदलत काढल्या होत्या की आपण दादाला दुखावलं. त्या रात्रींचं आता काय करायचं? दादाकडे ते वाक्य पोचलंच नव्हतं, किंवा पोचून निघून गेलं होतं. ते परत घेण्याची गरजच उरली नव्हती. हे सुटणं होतं की काय होतं…

“काही नाही रे,” तो म्हणाला. “असंच.”

“वहिनीला सांगतोस, मला नाही.”

“वहिनीलाही नाही.”

“मग बायकोला तरी सांग,” दादा म्हणाला आणि मोठ्याने हसला, नेहमीसारखा. तोही हसला. यंत्राच्या लोखंडी पोटात दोघांचं हसू घुमलं.

उन्हं उतरल्यावर झाकण लावलं, चौकटीचे बोल्ट पुन्हा एकदा आवळले, आणि त्याने एकट्याने खाली जाऊन ब्रेकर चालू केला. वर पंखा आधी कुरकुरला, मग योग्य बाजूने फिरू लागला. हॉलमध्ये पहिला गार झोत उतरला तशा मुली मशीनवरून उठून झोताखाली उभ्या राहिल्या, एकीने ओढणी वर धरून ती फडफडू दिली. दादा खुलला. बाईंना त्याने सगळं समजावलं. जाळी केव्हा धुवायची, गच्चीवर यंत्राला टेकून काहीही ठेवायचं नाही, त्याला चारही बाजूंनी श्वास घेता आला पाहिजे, वेगळा आवाज आला तर आधी बंद करायचं आणि मग फोन. स्पष्ट, मुद्देसूद. बाई मान डोलवत होत्या. मग त्या पाणी आणायला आत गेल्या, पेले घेऊन बाहेर आल्या, आणि दादाने विचारलं, “जाळी केव्हा धुवायची ते सांगितलं का तुम्हाला?” आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता पुन्हा सांगू लागला, त्याच शब्दांत, त्याच उत्साहात. बाई पेला हातात धरून पुन्हा तशीच मान डोलवत राहिल्या, आणि ऐकता ऐकता त्यांनी एकदाच, अगदी ओझरतं, धाकट्या भावाकडे बघितलं. त्याने पाणी पिऊन टाकलं. पाण्याला चव नव्हती.

गाडीपाशी दादा सवयीने चालवायच्या दाराकडे गेला, दाराच्या मुठीवर हात ठेवला, थोडा वेळ ठेवूनच उभा राहिला. मग वळसा घालून दुसऱ्या बाजूने येऊन बसला.

“तू चालव. डोळे चुरचुरतायत आज.”

“हो. ऊन होतं.”

“ऊन होतं,” दादा म्हणाला.

रस्त्याला संध्याकाळची गर्दी होती. तो हळू चालवत होता. मागे हत्यारांच्या पेट्या एकमेकींवर आपटत होत्या आणि प्रत्येक आवाजाला त्याचं लक्ष मागे जात होतं, पुढे येत होतं, शेजारी जात होतं. वहिनीशी बोलायला हवं. उद्याच्या कामाचं काय करायचं… उद्या दादा सकाळी तयार होऊन जिन्यात उभा असणार, डबा घेऊन, आणि त्याला कुणी, काय, कोणत्या तोंडाने सांगायचं? सांगितलं तर तो ‘बरं’ म्हणेल. आणि परवा पुन्हा तयार होऊन उभा राहील. असं किती वेळा सांगायचं एका माणसाला?

या विचारात घराचं वळण मागे गेलं. कळलं तेव्हा गाडी बरीच पुढे आली होती. त्याने आरशात बघितलं, वळणावरचं औषधाचं दुकान लहान होत चाललं होतं. आयुष्यभराचा रस्ता. आता दादा ओरडणार — अरे बारक्या, झोपलास काय, वळण गेलं! त्याने कान टवकारले, स्टिअरिंगवरची बोटं घट्ट झाली. दादा जागा होता. खिडकीबाहेर बघत होता, दुकानं, माणसं, एका दारात उभी केलेली लहान मुलाची सायकल. चेहरा शांत होता. ओळखीचं बघतोय की पहिल्यांदा बघतोय, ते त्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. की कळलं होतं त्याला, आणि धाकट्या भावाची चूक त्याने मुकाट पोटात घातली होती?

एक वाक्य पुरलं असतं. दादा, वळण गेलं का रे? एवढंच, सहज, आणि काय ते समजलं असतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. दादाने काच खाली केली, वारा आत आला, त्याचे पांढरे केस कपाळावर विस्कटले, आणि त्याने ते मागे सारले नाहीत. पुढचं वळण आलं. तिथूनही घराकडे जाता येत होतं. तेही त्याने जाऊ दिलं, घरी पोचलं की विचारावंच लागलं असतं. गाडी सरळ जात राहिली, आणि आपण घाबरलेलो नाही, नुसते हळू चालवतो आहोत, अशी त्याची हळूहळू समजूत पटत गेली.